दुबळा जंतू, पण कोणासमोर दुबळा?

२००९ च्या सप्टेंबरमध्ये शिकागो विद्यापीठातल्या एका जनुकशास्त्रज्ञाला ताप, खोकला आणि धाप लागली म्हणून रुग्णालयात नेलं आणि त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. रक्तात सापडला प्लेगचा जंतू. हा माणूस प्लेगच्या जंतूवरच संशोधन करत होता, पण त्याच्या प्रयोगशाळेतला स्ट्रेन, म्हणजे त्या जंतूचा उपप्रकार, दुबळा केलेला होता. शरीरातलं लोह ओढून घेण्याची यंत्रणाच त्या स्ट्रेनमध्ये उरलेली नव्हती, आणि लोह मिळालं नाही तर प्लेगचा जंतू फोफावू शकत नाही. म्हणून अमेरिकेतल्या धोकादायक जंतूंच्या कडक यादीतून तो वगळलेला होता. शवविच्छेदनानंतरच्या तपासण्यांत कळलं की मृत संशोधकाला हिमोक्रोमॅटोसिस हा आनुवंशिक विकार होता. या विकारात शरीरात गरजेपेक्षा कितीतरी जास्त लोह साठत जातं. जंतूला जे मिळवता येत नव्हतं, ते या शरीरात आयतंच भरलेलं होतं. मृत्यूचं हेच कारण असावं, असं तपास करणाऱ्यांचं मत पडलं.

जिवंत जंतूंना जनुकीय बदलांनी दुबळं करून त्यांच्या लशी आणि औषधं बनवावीत, या मताचा मी आहे. तरीही सुरुवात या मृत्यूपासून करतो, कारण या विषयावरच्या बहुतेक वादांत जो मुद्दा निसटतो तो इथे उघडा पडतो. जंतू किती दुबळा आहे हे एकट्या जंतूकडे बघून ठरत नाही. तो कोणाच्या शरीरात शिरतो, त्या शरीरात काय जास्त आहे आणि काय कमी, यावर ते ठरतं. लोह ओढता न येणारा असाच एक प्लेगचा स्ट्रेन, ईव्ही नावाचा, मादागास्करमध्ये आणि सोव्हिएत संघात लाखो माणसांना लस म्हणून टोचला गेला. त्यांच्यासाठी तो दुबळा होता. शिकागोच्या एका माणसासाठी तसलाच स्ट्रेन जीवघेणा ठरला.

हे तंत्र नवं आहे, म्हणून धोक्याचं आहे, असं मानणाऱ्यांनी आधी क्षयावरच्या बीसीजी या लशीचा इतिहास बघावा. काल्मेत आणि गेराँ या दोघांनी १९०८ मध्ये फ्रान्समधल्या लील शहरात गाईंच्या क्षयाचा जंतू घेतला. बटाट्याच्या कापांवर ग्लिसरीन आणि पित्त घालून त्यावर ते तो वाढवत. दर तीन आठवड्यांनी थोडी वाढ उचलून नव्या बटाट्यावर ठेवायची, असं १३ वर्षं, २३० वेळा चाललं. पहिल्या महायुद्धातही काम थांबलं नाही. शेवटी हातात आला तो जंतू प्राण्यांना क्षय देत नव्हता. तो का देत नाही, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये तो पहिल्यांदा एका बाळाला पाजला गेला. जंतूच्या डीएनएमधला नेमका कोणता तुकडा त्या २३० फेऱ्यांत गळून पडला होता, हे समजायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. आरडी१ नावाचा तो तुकडा जगातल्या कुठल्याच बीसीजीत नाही.

म्हणजे सत्तरहून अधिक वर्षं आपण कोट्यवधी बाळांना असा जिवंत जंतू टोचत होतो, ज्यात काय बदललंय हे आपल्याला माहीत नव्हतं. त्यातही मूळ बीसीजी वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांत गेला आणि प्रत्येक ठिकाणी पुन्हा वर्षानुवर्षं वाढवला गेला. मूळ जंतूंचा साठा, म्हणजे लशीची ‘बी’, गोठवून कोरडा ठेवण्याची पद्धत रूढ होईपर्यंत तो जागोजागी वेगळा होत राहिला. आज एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या बीसीजीच्या स्ट्रेनांत जनुकीय फरक आहेत. याला कोणी जनुकीय बदल केलेला जीव म्हणत नाही, कारण बदल कात्रीने केला नाही, बटाट्यावर होऊ दिला.

जर्मनीतल्या ल्युबेक शहरातली दुर्घटनाही इथे आठवायला हवी. १९२९-३० मध्ये तिथल्या अडीचशेच्या आसपास नवजात बाळांना बीसीजी पाजला गेला आणि त्यातली ७२ बाळं क्षयाने दगावली. बीसीजी पुन्हा मूळ रूपावर गेला, अशी भीती सगळ्या युरोपात पसरली. तपासात निघालं वेगळंच: त्याच प्रयोगशाळेत ठेवलेला माणसाच्या क्षयाचा खराखुरा जंतू लशीत मिसळला गेला होता. त्या काळी हे दोन जंतू वेगळे ओळखायला प्राण्यांना टोचून आठवडेच्या आठवडे वाट बघावी लागे. जंतूतून कोणतं जनुक काढलंय हे ठाऊक असेल, तर आज हीच खात्री डीएनए चाचणीने काही तासांत होते. नेमकेपणाने केलेल्या बदलाचा हा फायदा मला फार मोठा वाटतो, आणि लशीच्या परिणामकारकतेच्या चर्चेत तो कधी येतच नाही. आपण काय कापलं हे माहीत असलं की आपल्या हातातली कुपी आपलीच आहे का, हे तपासता येतं.

नेमकेपणाची ही वाट १९८१ मध्ये चांगली स्पष्ट झाली. स्टॅनफर्डमध्ये ब्रूस स्टॉकर आणि सुझन हॉइसेथ यांनी साल्मोनेला जंतूतलं अ‍ॅरोए हे एक जनुक बंद केलं. त्यामुळे वाढीला लागणारी काही संयुगं जंतूला स्वतः बनवता येईनात, आणि सस्तन प्राण्यांच्या ऊतींत ती त्याला पुरेशी मिळतही नाहीत. जंतू आत शिरतो, प्रतिकारशक्तीला ओळख करून देतो, आणि उपासमारीने संपतो. कल्पना इतकी सुंदर होती की आता दुबळेपणा कागदावर आखून बनवता येईल, असं अनेकांना वाटलं.

तसं झालं नाही, आणि या तंत्राच्या समर्थकांनी हा भाग झाकू नये. टायफॉइडची टीवाय२१ए ही तोंडाने घ्यायची लस १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये बनली. जंतूवर रसायनाचा मारा करून त्यातून निवडलेला हा स्ट्रेन. त्यात गॅलई नावाचं जनुक बिघडलेलं होतं, आणि दुबळेपणा त्यामुळेच आला असावा असं मानलं गेलं. मग दुसऱ्या संशोधकांनी मूळ टायफॉइडच्या जंतूतून गॅलई नेमकं काढलं, जंतूचं बाहेरचं व्हीआय आवरणही काढून टाकलं, आणि तो स्ट्रेन स्वयंसेवकांना दिला. काहींना टायफॉइडसारखा आजार झाला. १९८८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आंधळेपणाने बनवलेली लस सुरक्षित निघाली आणि डोळसपणे बनवलेली निघाली नाही, कारण टीवाय२१ए मध्ये रसायनाने इतरही अनेक बिघाड केले होते आणि दुबळेपणात त्यांचा वाटा होता. आपण काय कापलं हे कळलं म्हणजे कापल्याने काय होईल हेही कळलं, असं होत नाही.

कॉलऱ्याची गोष्टही याच वळणाची आहे. शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये कलकत्त्यात दाखवून दिलं की कॉलऱ्याचे जुलाब होतात ते जंतूने सोडलेल्या विषामुळे. मग विषाचं जनुक काढलं की झालं, असं वाटणं साहजिक होतं. १९८० च्या दशकात मेरीलंड विद्यापीठातल्या मायरन लेव्हिन आणि जेम्स केपर यांच्या गटाने असे स्ट्रेन बनवले. स्वयंसेवकांना खरा कॉलरा झाला नाही, पण पहिल्या काही स्ट्रेनांनी त्यांना जुलाब मात्र झालेच. शेवटी सीव्हीडी १०३-एचजीआर हा स्ट्रेन पसंतीला उतरला. विषाच्या ज्या भागामुळे जुलाब होतात, त्याच्या जनुकाचा ९४ टक्के हिस्सा त्यातून काढलेला आहे. अमेरिकेत त्याला २०१६ मध्ये परवाना मिळाला, एकदाच प्यायच्या डोसच्या रूपात. दरम्यान, १९९६ मध्ये आणखी एक गोष्ट उघडकीस आली: कॉलऱ्याचं विष बनवणारी जनुकं मुळात एका विषाणूची आहेत. तो विषाणू एका जंतूतून दुसऱ्यात जातो आणि जाताना ती जनुकं सोबत नेतो. म्हणजे आपण कापलेलं जनुक शेजारून परत येण्याची वाट निसर्गात आधीच तयार आहे. लस घेतलेल्या माणसाच्या आतड्यात नेमक्या त्याच वेळी खरा कॉलराही असण्याची शक्यता फारच थोडी, पण शून्य नव्हे. म्हणून नंतरच्या काही स्ट्रेनांत या विषाणूला जंतूच्या डीएनएत शिरायची जागाच काढून टाकली गेली. मला वाटतं, चांगलं काम ते हेच. भीती नेमकी कशाची आहे हे शोधायचं आणि तेवढ्याच जागी उपाय करायचा.

या लशीच्या एका डोसात ४० कोटी ते २०० कोटी जिवंत जंतू असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या जुन्या मार्गदर्शक तत्त्वांत जंतू कोंडून ठेवण्याचा निकष असा होता: १० कोटींतून एकापेक्षा जास्त जंतू निसटू नये. प्रयोगशाळेतल्या एका चंबूसाठी हे ठीक आहे. पण कोट्यवधी जंतू असलेला डोस लाखो माणसांना द्यायचा असेल, तर या हिशेबाने प्रत्येक डोसमागे काही जंतू निसटतील. जनुकाचा मोठा तुकडा कापला असेल तर तो आपोआप दुरुस्त होत नाही, हे खरं. पण ज्या सुरक्षा-रचना डीएनएतल्या एकाच अक्षराच्या बदलाने निकामी होऊ शकतात, त्यांच्यावर एकट्यावर विसंबणं मला मान्य नाही. दोन स्वतंत्र कुलपं हवीत, आणि एकाच्या किल्लीने दुसरं उघडता कामा नये. क्षयाच्या जिवंत लशींसाठी तज्ज्ञांनी २००५ मध्ये जिनिव्हात हीच अट घातली: किमान दोन परस्परांपासून स्वतंत्र, न उलटणारे बदल, आणि अँटिबायोटिकला दाद न देणारं कोणतंही जनुक अंतिम लशीत नको. ही अट सगळ्याच जिवंत जंतुलशींना का लागू नसावी, याचं पटणारं कारण मला सापडलेलं नाही.

नियमांचा रोख मात्र बऱ्याचदा भलतीकडेच असतो. जंतू काय करतो यापेक्षा तो कसा बनवला, यावर त्यांचा भर. युरोपमध्ये जनुकीय बदल केलेल्या जिवाची चाचणी घ्यायची तर औषधाच्या परवानगीखेरीज पर्यावरणीय धोक्याचीही वेगळी परवानगी लागते, आणि ती देशोदेशी वेगवेगळी. २०२० मध्ये कोविडच्या लशींसाठी या अटीतून सूट द्यावी लागली, यातच ती किती अडखळवणारी आहे ते दिसतं. दुसरीकडे, रसायनाच्या माऱ्याने हवे तसे बदल घडवलेला स्ट्रेन या नियमांबाहेर राहतो. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत बनलेल्या व्हीपीएम१००२ या लशीकडे बघा. बीसीजीतलं एक जनुक काढून तिथे लिस्टेरिया या जंतूच्या विषाचं जनुक घातलेलं आहे. मथळ्यात हे भयानक वाटेल. पण प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत हा स्ट्रेन मूळ बीसीजीपेक्षा कमी घातक ठरला. बनवण्याच्या पद्धतीवर निवाडा दिला तर आपण जुना, अधिक धोक्याचा जंतू बिनबोभाट टोचत राहू आणि नव्याला दारातच अडवू.

आणि बीसीजीचा धोका काल्पनिक नाही. जन्मतःच प्रतिकारशक्तीचा गंभीर विकार असलेल्या बाळांत तो अंगभर पसरून जीव घेऊ शकतो. एचआयव्हीचा संसर्ग झालेल्या बाळांना तो देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं. शिकागोतल्या मृत्यूमागचं तत्त्व आणि या बाळांच्या आजारामागचं तत्त्व एकच.

आता उपचारांकडे. इथे मी जास्त सावध आहे, कारण आशा मोठ्या आहेत आणि यश मोजकं. मूत्राशयाच्या कर्करोगात बीसीजी वापरण्याचे पहिले यशस्वी निष्कर्ष अल्वारो मोरालेस यांनी कॅनडातून १९७६ मध्ये मांडले, आणि सुरुवातीच्या टप्प्यातल्या या रोगावर आजही तो आघाडीचा उपचार आहे. उपचार असा: आठवड्यातून एकदा, सहा आठवडे, नळीने मूत्राशयात जिवंत बीसीजीचं द्रावण सोडायचं. रुग्णाने ते दोन तास धरून ठेवायचं. नंतरचे सहा तास लघवी केल्यावर भांड्यात ब्लीच ओतायचं, १५ मिनिटं थांबायचं, मग पाणी सोडायचं. नळी घालताना जखम होऊन रक्त आलं तर त्या दिवशी उपचार रद्द, कारण रक्तात शिरलेला बीसीजी वेगळा वागतो. या उपचारातला ब्लीचचा भाग रुग्णांच्या घरी, न्हाणीघरात पार पडतो, आणि त्यातली सगळी सुरक्षितता अशा साध्या, शिकवता येणाऱ्या सवयींवर उभी आहे. जिवंत औषधाला औषधाच्या बाटलीपलीकडची व्यवस्था लागते, हे इथे कोणालाही दिसेल.

बाकीच्या प्रयत्नांचा निकाल प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. कर्करोगाच्या गाठीत शिरून वाढेल अशा बेताने दुबळा केलेला व्हीएनपी२०००९ हा साल्मोनेला उंदरांच्या गाठी आकसवत होता. माणसांवरच्या चाचणीत २५ रुग्णांपैकी तिघांच्याच गाठींत तो सापडला, आणि एकाही रुग्णाची गाठ कमी झाली नाही. जंतू सुरक्षित करण्याच्या भरात तो निरुपयोगी झाला असावा, ही शंका तेव्हापासून या क्षेत्राचा पिच्छा सोडत नाही. कर्करोगासाठीच दुबळ्या केलेल्या लिस्टेरियाच्या चाचण्यांत उलटा प्रश्न आला: उपचार संपून बराच काळ लोटल्यावरही तो शरीरात कुठेतरी टिकून राहिल्याचं आढळलं आणि चाचण्या काही काळ थांबवाव्या लागल्या. फिनाइलकीटोन्युरिया या जन्मजात विकारासाठी बनवलेला, आतड्यात फिनाइलअ‍ॅलनिन हा प्रथिनांतला घटक मोडणारा ई. कोलाय जंतू चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचला, पण पुरेसा परिणाम दिसेना म्हणून २०२४ मध्ये ती चाचणी बंद झाली. या अपयशांनी मी निराश होत नाही. पण पुढच्या रुग्णांना चाचणीत घेताना ती त्यांना सांगितली जात नसतील, तर तो अन्याय आहे.

यावर एक सरळ आक्षेप येतो: मग जिवंत जंतू हवाच कशाला? मारलेला जंतू आहे, प्रथिनांच्या लशी आहेत, एमआरएनए आहे. आक्षेप वजनदार आहे, आणि जिथे त्या लशींनी भागतं तिथे जिवंत जंतू वापरू नये, हे मी मान्य करतो. पण सगळीकडे भागत नाही. डांग्या खोकल्याची आजची शुद्ध प्रथिनांची लस बाळाला गंभीर आजारापासून वाचवते. बॅबून माकडांवरच्या अभ्यासात मात्र ही लस दिलेल्या माकडांच्या घशात जंतू वाढत राहिले आणि ती माकडं ते इतरांना देत राहिली. लीलमधल्याच पाश्चर संस्थेत कामिय लॉश यांच्या गटाने बीपीझेडई१ हा स्ट्रेन बनवला. डांग्या खोकल्याच्या जंतूची तीन विषं त्यात तीन वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेली किंवा निकामी केलेली आहेत, आणि तो नाकात फवारायचा आहे. जंतू जिथून शिरतो तिथेच प्रतिकारशक्ती उभी करायची, हे सुईने होत नाही. तीन स्वतंत्र बदल असल्यामुळे एक उलटला तरी उरलेले दोन शाबूत राहतात. असा आराखडा समोर आला की माझा विरोध मावळतो.

क्षयाचं तर बोलायलाच नको. २०२३ मध्ये या रोगाने साडेबारा लाख माणसं मेली आणि हातात लस एकच, शंभर वर्षांची जुनी. बीसीजी बाळांना क्षयाच्या मेंदूज्वरापासून वाचवते, पण मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या क्षयावर तिचा भरवसा नाही. दक्षिण भारतात चेंगलपट्टू इथे १९६८ पासून अडीच लाखांहून जास्त लोकांवर झालेल्या चाचणीत तसं संरक्षण मिळालंच नाही. आता स्पेनमधल्या सारागोसा विद्यापीठात कार्लोस मार्तिन यांच्या गटाने बनवलेली एमटीबीव्हॅक ही लस दक्षिण आफ्रिका, मादागास्कर आणि सेनेगलमध्ये नवजात बाळांवर तपासली जात आहे. ती माणसाच्या क्षयजंतूपासून बनवलेली आहे, फोपी आणि फॅडडी२६ ही दोन जनुकं काढून. कारण, गाईच्या जंतूत नसलेले किंवा बीसीजीने गमावलेले अनेक भाग तिच्यात शिल्लक आहेत, आणि प्रतिकारशक्तीला नेमके तेच दाखवायचे आहेत. माणसाचा क्षयजंतू नवजात बाळाला टोचायचा, ही कल्पना ऐकून कोणाच्याही पोटात गोळा येईल. तरीही ही चाचणी व्हायलाच हवी, असं मी म्हणतो. दोन्ही जनुकं कोणती, ती काढल्याने काय थांबतं, आणि ती परत आली तर कशी ओळखायची, हे सगळं छापलेलं आणि तपासलेलं आहे.

मला काळजी आहे ती परवाना मिळाल्यानंतरच्या वर्षांची. जिवंत जंतूची लस घेणारा माणूस संमती देतो, पण त्याच्या विष्ठेतून काही दिवस तो जंतू बाहेर पडत असेल, तर घरातल्या केमोथेरपी घेणाऱ्या आजीला कोणी विचारलेलं नसतं. लिस्टेरियाच्या रुग्णांसारखं काही दिसायला वर्षं लागली, तर तोवर कंपनीने तो कार्यक्रम गुंडाळलेला असू शकतो. या क्षेत्रातल्या कंपन्या छोट्या असतात आणि एक चाचणी फसली की बंद पडतात. मग मूळ स्ट्रेन कुठे ठेवला, त्याचा पूर्ण डीएनए क्रम कोणाकडे आहे, कोणत्या अँटिबायोटिकने तो मरतो, हे एखाद्या दूरच्या गावातल्या डॉक्टरला कोण सांगणार?

म्हणून चाचणीची परवानगी देतानाच तीन गोष्टी वसूल कराव्यात. मूळ स्ट्रेनची बी एखाद्या सार्वजनिक संग्रहात जमा व्हावी. त्याचा पूर्ण डीएनए क्रम आणि त्याच्यावर चालणाऱ्या औषधांची यादी कोणाही डॉक्टरला मोफत बघता यावी. आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांच्या पाठपुराव्याचा खर्च कंपनीने आधीच स्वतंत्र निधीत भरावा, म्हणजे कंपनी उद्या बुडाली तरी नोंदवही बंद पडणार नाही. यातली शेवटची अट लशीची किंमत वाढवेल, हे उघड आहे. ती किंमत आत्ता भरली नाही, तर ती पुढे त्या एका माणसाला भरावी लागते, ज्याच्या शरीरातली वेगळी गोष्ट कोणी तपासलेली नव्हती.